उथळ प्रवाळभित्तीवरील स्कूबा डायव्हिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच ते बारा मीटर खोलीच्या प्रवाळभित्तीवर पहिल्यांदा उतरणारे लोक बहुधा शार्कबद्दल, खोलीबद्दल आणि हवा संपण्याबद्दल विचारतात. स्वतःच्या श्वासाबद्दल आणि पायांबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. उथळ पाण्यात माणसाला आणि प्रवाळाला होणाऱ्या, सहज टाळता येण्याजोग्या इजा बऱ्याचदा याच दोन गोष्टींतून होतात, म्हणून पुढील उत्तरांत त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रवाळभित्ती उथळ पाण्यातच का असते?

प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणातून येऊ शकते. जिथे ऊन पोहोचते तिथेच हा संसार चालतो. त्यामुळे भित्तीची सर्वांत दाट वाढ स्वच्छ, उजेडाच्या आणि साधारण २३ ते २९ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दिसते. समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापणाऱ्या या भित्तींवर समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जीवजाती आयुष्याचा काही ना काही काळ काढतात, असा अंदाज आहे. म्हणूनच फार खोल न जाताही इथे इतके काही पाहायला मिळते.

पोहता येत नसेल तर डायव्हिंग करता येते का?

प्रशिक्षकाचा हात धरून केलेली, डायव्हिंगची ओळख करून देणारी डाइव्ह, जिची कमाल मर्यादा बहुतेक ठिकाणी १२ मीटर असते, पोहता न येणारेही करतात. स्वतंत्र डायव्हर म्हणून प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र पोहता यायलाच हवे. सर्वसाधारण अपेक्षा २०० मीटर पोहण्याची आणि आधाराशिवाय १० मिनिटे तरंगण्याची असते. वेगाला काही महत्त्व नाही. पाण्यात चेहरा बुडाला की घाबरून जाणाऱ्या व्यक्तीने आधी कमरेएवढ्या पाण्यात मास्क आणि स्नॉर्केल (श्वास घेण्याची नळी) लावून काही दिवस सराव करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भीती पाण्याच्या पृष्ठभागावर मोडली तर ती खाली सोबत येत नाही.

कोणी उतरू नये?

गर्भवती स्त्रियांनी डायव्हिंग करू नये. ज्यांच्या फुफ्फुसाला पूर्वी आपोआप छिद्र पडून छातीत हवा भरली होती, ज्यांना हृदयविकार, अपस्मार किंवा नियंत्रणात नसलेला दमा आहे, त्यांनी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांची लेखी संमती मिळाल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. वैद्यकीय अर्जातील एखाद्या प्रश्नाला खरे उत्तर ‘हो’ असताना, सुट्टी वाया जाईल म्हणून ‘नाही’ लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. तो अर्ज ज्याने भरला त्याच्याच जिवासाठी असतो. साधी सर्दी असेल तरीही त्या दिवशी डाइव्ह रद्द करावी.

चष्मा असेल तर?

मास्कला नंबरच्या काचा बसवून मिळतात आणि सौम्य नंबर असल्यास त्यांचीही गरज पडत नाही, कारण पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. मास्कमध्ये पाणी शिरले की डोळे मिटून ते बाहेर काढण्याचा सराव तेवढा करावा.

खाली जाताना कान का दुखतात?

दर मीटरला पाण्याचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यामागील हवेची जागा आकसू लागते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले, किंवा नुसती लाळ गिळली, की घशातून कानाकडे जाणारी नलिका उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्यापूर्वी करायचे असते. पहिल्या चार-पाच मीटरमध्ये तर ते जवळजवळ प्रत्येक श्वासागणिक करावे, कारण दाबातील प्रमाणशीर बदल तिथेच सर्वांत मोठा असतो. कान उघडत नसेल तर एक मीटर वर यावे, थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. जोराने फुंकणे हा उपाय नाही. पाच मीटरपर्यंत पोहोचण्याच्या आधीही कानाचा पडदा दुखावू शकतो.

उथळ पाण्यात धोका कमी असतो, हे खरे आहे का?

खोल पाण्यातील काही धोके इथे कमी असतात. पण सर्वांत गंभीर धोका मात्र उथळ पाण्याचाच आहे. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो आणि १० मीटरवर तो दोन वातावरणांचा होतो. १० मीटरवर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आले, तर त्याच्या फुफ्फुसातील हवा दुप्पट जागा मागते. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना तीच हवा फक्त एक तृतीयांशाने फुगते. शेवटचे दहा मीटर हे असे सर्वांत नाजूक आहेत, आणि उथळ भित्तीवरील जवळजवळ संपूर्ण डाइव्ह याच दहा मीटरमध्ये होते.

छाती पूर्ण भरलेली असताना श्वास रोखून जेमतेम सव्वा मीटर वर आले तरी फुफ्फुसाच्या सूक्ष्म पिशव्या फाटून हवा रक्तात शिरू शकते, आणि ती मेंदूपर्यंत गेली तर परिणाम पक्षाघातासारखे होतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच आहे: श्वास कधीही रोखू नये. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवा तोंडात पोहोचवणारे उपकरण, तोंडातून निघाले तर ते परत मिळेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहावेत. पोहताना श्वास धरण्याची जी सवय आपल्याला लहानपणापासून असते, ती इथे जाणीवपूर्वक मोडावी लागते.

सिलिंडरमधील हवा किती वेळ पुरते?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः मांडून पाहावा. पर्यटकांना सहसा मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे ११ लिटर असते आणि ते २०० बार दाबाने भरले की त्यात जवळपास २,२०० लिटर हवा मावते. त्यातील ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरण्याजोगे सुमारे १,६५० लिटर उरतात. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर दुप्पट दाबामुळे १० मीटरवर त्याला ४० लिटर लागतील आणि हवा साधारण ४० मिनिटे पुरेल. पाच मीटरवर तीच हवा ५० मिनिटांहून अधिक चालते.

नवखा माणूस मात्र याच्या निम्म्या वेळात वर येतो. तो हात हलवतो, अंग उभे ठेवून पाय मारतो, दर दोन सेकंदांनी छोटा श्वास घेतो, आणि ती सगळी मेहनत हवेच्या हिशेबात दिसते. सावकाश आणि पूर्ण बाहेर सोडलेला उच्छ्वास हाच यावर उपाय आहे. दाबमापकाकडे दर काही मिनिटांनी पाहावे आणि जोडीदाराने विचारल्यावर आकडा बोटांनी सांगता यावा.

पाण्यातला तोल म्हणजे नेमके काय, आणि त्याला इतके महत्त्व का दिले जाते?

ना वर तरंगायचे, ना खाली बसायचे, जिथे आहोत त्याच उंचीवर स्थिर राहायचे, या अवस्थेला तोल म्हणतात. वजनाचा पट्टा, हवा भरता येणारे जाकीट म्हणजे बीसीडी आणि स्वतःची फुफ्फुसे या तीन गोष्टींनी तो साधला जातो. तिन्हींत फुफ्फुसे सर्वांत बारीक काम करतात. एक लिटर जास्त हवा छातीत घेतली तर शरीर सुमारे एक किलोने हलके झाल्यासारखे वर उचलले जाते. मात्र हा परिणाम एक-दोन सेकंद उशिरा दिसतो. नवख्या माणसाची गडबड नेमकी इथे होते: श्वास घेऊनही काही घडले नाही असे वाटून तो बीसीडीचे बटण दाबतो, मग श्वास आणि बटण दोन्ही एकदम लागू पडतात आणि तो बुचासारखा वर जातो.

उथळ पाण्यात हे अधिकच अवघड असते, कारण इथे मीटरभर वर-खाली झाले तरी बीसीडीतील आणि वेटसूटमधील (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखातील) हवेचा आकार लक्षणीय बदलतो. शिवाय डाइव्हच्या अखेरीस सिलिंडरमधील सुमारे दोन किलो हवा संपलेली असते आणि डायव्हर तेवढाच हलका होतो. त्यामुळे वजन ठरवताना सिलिंडर जवळपास रिकामे असतानाही पाच मीटरवर स्थिर राहता यावे, एवढे पाहावे. त्याहून जास्त वजन ‘सुरक्षिततेसाठी’ बांधण्याची पद्धत चुकीची आहे. जास्त वजन म्हणजे बीसीडीत जास्त हवा, जास्त हवा म्हणजे प्रत्येक चढउतारात जास्त हेलकावे, आणि जड कमरेमुळे पाय सतत खाली. ते पाय नेमके प्रवाळावर घासतात.

माझ्या सुरुवातीच्या एका डाइव्हमध्ये मी फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर एका माशाकडे पाहत थांबलो होतो आणि शरीर हळूहळू खाली बसत चालले आहे याचे भानच राहिले नाही. फिनचा, म्हणजे पायात घातलेल्या वल्ह्यासारख्या पट्टीचा, धक्का लागला आणि वाळलेली काडी मोडावी तसा आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू आला. वळून पाहिले तेव्हा बोटाएवढा पांढराशुभ्र तुकडा वाळूत पडला होता. त्यानंतरचे काही दिवस मी मासे पाहणे बाजूला ठेवले आणि मोकळ्या वाळूवर, तळापासून हातभर उंचीवर, फक्त श्वासाने वर-खाली होण्याचा सराव केला. भित्तीवर जाण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे करावेच, असे मला मनापासून वाटते.

प्रवाळाला नुसता हात लावला तर काय बिघडते?

प्रवाळ दगडासारखा दिसतो. पण त्या चुनखडीच्या सांगाड्यावर जिवंत उतींचा अगदी पातळ थर पसरलेला असतो आणि तोच खरा प्राणी असतो. बोटाच्या दाबाने तो खालच्या धारदार सांगाड्यावर दाबला जाऊन फाटतो, वरचे संरक्षक श्लेष्माचे आवरण पुसले जाते, आणि त्या जखमेवर रोगजंतू किंवा शैवाल बस्तान बसवू शकते. घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला साधारण ०.३ ते २ सेंटिमीटर वाढतात. वर्षाला एक सेंटिमीटर धरले तरी मीटरभर उंचीच्या घुमटाला शंभर वर्षे लागलेली असतात. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात, पण ते मोडतातही तितक्याच लवकर.

फिन्सने उडवलेली वाळूही अपायकारक असते. ती प्रवाळावर बसली की प्रकाश अडतो आणि ती झटकून टाकण्यात प्रवाळाची ऊर्जा खर्च होते. म्हणून वर-खाली जोरात पाय मारण्याऐवजी गुडघे वाकवून बेडकासारखी बाजूला लाथ मारण्याची पद्धत शिकून घ्यावी. लोंबणारा दाबमापक आणि पर्यायी रेग्युलेटर जाकिटाला अडकवून ठेवावेत.

हातमोजे घातले तर चालतील का?

अनेक संरक्षित सागरी क्षेत्रांत त्यांना मनाई आहे आणि ती मला योग्य वाटते, कारण हात सुरक्षित आहे असे वाटले की तो आपसूक आधार शोधू लागतो. हात छातीशी दुमडून किंवा समोर एकमेकांत गुंफून ठेवावेत.

सनस्क्रीन लावावे का?

काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रवाळाच्या अळ्यांना घातक असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आल्यानंतर प्रशांत महासागरातील पलाऊ या देशाने २०२० मध्ये आणि हवाईने २०२१ मध्ये त्यांवर निर्बंध आणले. पूर्ण बाह्यांचा पातळ सूट किंवा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा) घालणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण त्याने ऊन, जेलीफिश आणि खरचटणे या तिन्हींपासून बचाव होतो. चेहऱ्यापुरते झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन वापरावे.

छायाचित्रांत दिसतात तसे रंग प्रत्यक्षात का दिसत नाहीत?

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटरवरच तो मावळू लागतो आणि दहा मीटरवर लाल वस्तू तपकिरी-करडी दिसते. छोटा टॉर्च जवळ ठेवला आणि एखाद्या कपारीत करड्या वाटणाऱ्या स्पंजवर त्याचा झोत टाकला, तर तो एकदम शेंदरी होऊन उजळतो. ज्यांना टॉर्च न्यायचा नसेल त्यांनी डाइव्हचा शेवटचा भाग भित्तीच्या माथ्यावर, तीन ते पाच मीटरवर घालवावा. रंग तिथे सर्वांत खरे दिसतात.

इतके काही असते की नेमके काय पाहावे, हेच कळत नाही. काय करावे?

एका जागी थांबावे. भरभर पोहत भित्ती पालथी घालणाऱ्याला फक्त पळणारे मासे दिसतात. आधी कान द्यावा: तव्यावर मोहरी तडतडावी तसा जो आवाज सतत येत असतो, तो बराचसा नांगी आपटणाऱ्या बारीक कोळंब्यांचा असतो. मधूनच येणारा कुरकुर आवाज पोपटमाशाचा असतो. तो चोचीसारख्या दातांनी खडकावरील शैवाल खरवडतो, सोबत आलेली चुनखडी घशात दळतो आणि मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडतो. प्रवाळ बेटांच्या किनाऱ्यांवरील पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा अशा रीतीने तयार झालेला असतो.

मग वाळूतील एखादे बीळ निवडावे आणि दोन मीटर अंतरावर, वाळूला न टेकता स्थिर राहावे. बिळाच्या तोंडाशी गोबी जातीचा बोटभर मासा बसलेला असतो आणि आतून एक कोळंबी चिमटीत खडे धरून बाहेर आणून टाकत असते. या कोळंबीची नजर फारच अधू असते. म्हणून ती बाहेर असताना आपली एक मिशी माशाच्या शेपटीला टेकवून ठेवते; धोका दिसताच मासा शेपूट थरथरवतो आणि ती मागे सरकते. घर तिने खणायचे, पहारा त्याने द्यायचा आणि राहायचे दोघांनी, असा हा व्यवहार असतो. आपला श्वास जोरात सुटला तर दोघेही क्षणात आत जातात, आणि ते बाहेर येईपर्यंत थांबण्यासाठी लागतो तोच शांत श्वास, ज्याने हवा पुरते आणि तोल राहतो.

भरीव प्रवाळावर रंगीत झाडासारखे दोन-दोन तुरे दिसले तर ते नळीत राहणाऱ्या कृमीचे असतात. सावली पडताच ते आत ओढले जातात. निळ्या पट्ट्याचा छोटा सफाई करणारा मासा जिथे नाचताना दिसेल, तिथेही थांबावे. मोठे मासे तिथे तोंड आणि कल्ले उघडून जणू रांगेत उभे राहतात आणि तो त्यांच्या तोंडात शिरून परजीवी टिपतो.

कोणत्या प्राण्यांपासून सावध राहावे?

उथळ भित्तीवर दिसणारे काळ्या किंवा पांढऱ्या टोकांच्या पंखांचे शार्क सहसा माणसापासून दूरच जातात. खरी काळजी न हलणाऱ्या जीवांची घ्यावी. दगडमासा खडकासारखाच दिसतो आणि त्याच्या पाठीवरील विषारी काट्यांवर पाय पडला तर असह्य वेदना होतात. सिंहमासा दिसायला देखणा, पण त्याचेही काटे विषारीच असतात. अशा दंशावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४५ अंशांच्या आत, अवयव ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. मोहरीच्या रंगाचा, फिकट टोकांचा अग्निप्रवाळ खऱ्या प्रवाळांपैकी नाही, पण त्याचा स्पर्श भाजल्यासारखा झोंबतो.

टायटन ट्रिगरफिश मात्र अंगावर येतो. वाळूत घरटे केलेले असताना त्याची हद्द घरट्यापासून वर पृष्ठभागाकडे नरसाळ्यासारखी रुंदावत जाते, त्यामुळे घाबरून वर जाणारा माणूस तिच्यातच राहतो. फिन्स त्याच्याकडे ठेवून आडवे दूर जावे.

प्रवाळ पांढरे पडलेले दिसले तर ते मेलेले असतात का?

लगेच नाही. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे वर राहिले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पारदर्शक उतीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. तो उपाशी असतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येऊ शकते, आणि तसे झाले नाही तर प्रवाळ मरतो व सांगाड्यावर शेवाळी थर चढतो. जगभर पसरलेल्या अशा घटना १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात नोंदल्या गेल्या, आणि चौथी घटना सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. अशा भित्तीवर डाइव्ह करताना दुप्पट जपून वागावे, कारण दुबळ्या प्रवाळाला लहानशी जखमही भरून काढणे कठीण जाते.

जोडीदार दिसेनासा झाला तर?

एक मिनिट सभोवार पाहावे, वरचे बुडबुडेही तपासावेत, आणि न सापडल्यास सावकाश पृष्ठभागावर यावे. जोडीदारानेही तेच करायचे असते. अंगठा वर करण्याची खूण ‘छान’ अशा अर्थाने चुकूनही करू नये, कारण पाण्याखाली तिचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करतात.

इतक्या कमी खोलीवर ‘बेंड्स’ होऊ शकतात का?

दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात, हे त्या विकाराचे मूळ आहे. डायव्हिंगच्या एका प्रचलित तक्त्यानुसार दिवसाच्या पहिल्या डाइव्हमध्ये १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि १२ मीटरवर १४७ मिनिटे राहता येते, म्हणजे उथळ भित्तीवर बहुतेकदा हवाच आधी संपते. तरीही दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजन साठत जातो, आणि सारखे वर-खाली होणेही हिताचे नसते. प्रत्येकाकडे स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ यांचा हिशेब ठेवणारे उपकरण) असावा, वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा कमी असावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

डाइव्हनंतर विमानप्रवास कधी करावा?

एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. उंच घाटरस्त्याने प्रवास करायचा असेल तरीही हीच काळजी घ्यावी. त्या काळात भरपूर पाणी प्यावे आणि मद्य टाळावे. सांधे दुखणे, मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे उठणे, चक्कर येणे किंवा विलक्षण थकवा जाणवणे यांपैकी काहीही २४ तासांत दिसले, तर ते दगदगीवर ढकलून झोपी जाऊ नये. शुद्ध ऑक्सिजन मिळत असेल तर तो लगेच सुरू करावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की आपण डायव्हिंग केले आहे, किती खोल गेलो होतो आणि शेवटची डाइव्ह केव्हा संपली.